मरणाच्या दारातलं कुमसार (पापांची कबुली) बाईने ऐकलं तर? (चर्चमधली स्त्रियांची गुरुदीक्षा, म्हणजे धर्मगुरू होण्याची दीक्षा)

बावखल
८ फेब्रुवारी, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. मी वसईकडची, कॅथलिक. बावीस वर्षं रविवारी मुलांना धर्मशिक्षण देते, मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) शास्त्रवाचन करते, आळीत कोणी अंथरुणाला खिळलं की संध्याकाळी रोझरी घेऊन जाते. हे लिहायला सहा महिने लागले.

गेल्या पावसाळ्यात आमच्या आळीतल्या एक आजी गेल्या. वय ८४, कर्करोग. फादर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद घेऊन घरी यायचे, आजी त्यांच्यापुढे कुमसारही करायच्या. सुनेवर रागावले, देवाचं नाव घ्यायला विसरले, एवढंच. एके दुपारी घरात कोणी नव्हतं. आजींनी माझं मनगट धरलं आणि साठ वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगितली. काय ते मी इथे लिहिणार नाही. घरातल्याच एका पुरुषामुळे घडलेलं होतं आणि त्यात आजींचा काडीचा दोष नव्हता. पण साठ वर्षं त्या ते स्वतःचं पाप म्हणून उरावर घेऊन जगल्या. मी म्हटलं, फादरना बोलावते. तर म्हणाल्या, "फादरला कसं सांगू गे? पुरुषमाणूस तो. तूच काय ते म्हण."

पापक्षमेचे शब्द मला पाठ आहेत. दरवर्षी मुलांना पहिल्या कुमसाराची तयारी मीच करून घेते. पण ते शब्द उच्चारायचा अधिकार मला नाही. मी 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हटलं, त्यांचं कपाळ पुसलं आणि बसून राहिले. तीन दिवसांनी त्या गेल्या. शेवटचा अभ्यंग (रुग्णाला पवित्र तेल लावण्याचा विधी) फादरनी वेळेवर येऊन दिला. त्यांच्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही, चांगला माणूस आहे. पण ती गोष्ट आजी सोबत घेऊन गेल्या.

तेव्हापासून मी वाचते आहे. चर्चच्या कायद्यातला १०२४ वा नियम म्हणतो की गुरुदीक्षा फक्त बाप्तिस्मा झालेल्या पुरुषालाच वैधपणे मिळते. १९९४ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी लिहिलं की स्त्रियांना दीक्षा देण्याचा अधिकारच चर्चला नाही आणि हा निर्णय सर्वांनी कायमचा मानावा. हे मला माहीत आहे. तरी विचारते: त्या खाटेशी बसायला देवाने मला पाठवलं असेल, तर ते काम अर्ध्यावर का थांबलं?

इतर पंथांतल्या मराठी ख्रिस्ती लोकांनीही लिहावं. भांडण नको.

पाचूबंदर
८ फेब्रुवारी, रात्री ११:३०

ताई, वाचून गलबललो. त्या आजींच्या आत्म्याला शांती मिळो.

एक गोष्ट आधी सांगतो. आजींनी जे सांगितलं ते त्यांचं पाप नव्हतंच. त्यासाठी क्षमेची गरज नव्हती, आणि हे त्यांना सांगायला दीक्षा लागत नाही. तुम्ही ते सांगितलं असेल अशी आशा करतो.

आता मूळ प्रश्न. मी दीक्षेच्या बाबतीत चर्चच्या बाजूने आहे आणि ते बायकांना कमी लेखून नव्हे. येशूने बारा प्रेषित निवडले ते पुरुष. त्या काळच्या रिवाजाला तो घाबरत होता असं म्हणता येत नाही: विहिरीवरच्या शोमरोनी बाईशी तो भर दुपारी बोलला. मिस्सात धर्मगुरू स्वतःच्या नावाने उभा नसतो, ख्रिस्ताच्या जागी उभा असतो. हे पद म्हणजे हक्क किंवा बढती नव्हे. पवित्र मरिया सगळ्या प्रेषितांहून श्रेष्ठ, आणि ती धर्मगुरू नव्हती. माझ्या आईने आम्हा पाच भावंडांना श्रद्धा दिली. तिच्यापेक्षा कुठला फादर मोठा, हे मी आजही सांगू शकणार नाही.

बावखल
८ फेब्रुवारी, रात्री ११:४८

दादा, सांगितलं. तीनदा सांगितलं. त्यांना माझ्याकडून ते नको होतं, देवाच्या तोंडून हवं होतं. आपल्या माणसांसाठी कुमसार म्हणजे तेच ना?

नगरकर
९ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

आम्ही प्रोटेस्टंट, अहिल्यानगर जिल्हा. आमच्याकडे हा प्रश्न कागदावर सुटलेला आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात आज बायका पाळक (धर्मगुरू) आहेत. दक्षिणेतल्या चर्चने तर १९७६ मध्येच एलिझाबेथ पॉल यांना दीक्षा दिली आणि २०१३ मध्ये नंद्यालला ई. पुष्पललिता बिशप झाल्या.

आता कागदाबाहेरचं सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत बाई पाळक आल्या. पहिला घोळ, हाक काय मारायची? आमच्याकडे पाळकांच्या बायकोला पाळकीणबाई म्हणतात. मग स्वतः पाळक असलेल्या बाईला काय म्हणायचं? आणि त्यांच्या नवऱ्याला? तो बिचारा शाळामास्तर. म्हाताऱ्या माणसांनी महिनाभर कुठलीच हाक मारली नाही. पोरं पहिल्याच रविवारी 'पाळक' म्हणायला लागली, तेच टिकलं.

प्रभुभोजनाच्या रविवारी काही लोक मागच्या मागे निघून जायचे. त्यात माझी आई होती. नाव ठेवायला जागा नव्हती, बाईंचा उपदेश तिला आवडायचा, घरी येऊन शेजारणीला सांगायची. पण भाकर आणि प्याला त्यांच्या हातून नको. का, ते तिला सांगता यायचं नाही. "नाही होत माझ्याच्यानं" एवढंच. शेवटच्या आजारात पाळकबाई रोज दवाखान्यात यायच्या. आईने त्यांच्याकडून वेणी घालून घेतली, स्तोत्रं वाचून घेतली, माझ्याशी कधी बोलली नाही ते त्यांच्याशी तास तास बोलली. प्रभुभोजन मात्र शेवटपर्यंत घेतलं नाही. शेजारच्या गावाहून पुरुष पाळक आणावा लागला. त्या दिवशी पाळकबाई बाहेर बाकड्यावर बसल्या होत्या.

म्हणून बावखलताई, नियम बदलला तरी तुमच्या आजींनी तुमच्याकडून पापक्षमा घेतली असती का? मला खरंच कळत नाही.

बावखल
९ फेब्रुवारी, दुपारी १:०५

त्यांनी मागितली होती, दादा. मी न विचारता.

तळटीप
९ फेब्रुवारी, दुपारी ४:२०

इथे थोडा इतिहास घालतो, कारण बावखल यांच्या प्रसंगातला मुद्दा फार जुना आहे.

तिसऱ्या शतकातलं सिरियाकडचं 'दिदास्कालिया' नावाचं चर्चच्या शिस्तीचं पुस्तक आहे. त्यात बिशपांना सांगितलंय की स्त्री-डीकन (डीकन म्हणजे धर्मगुरूच्या खालची पायरी) नेमा. कारण काय? काही घरांत बायकांकडे पुरुष डीकनला पाठवता येत नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी बाईच्या अंगाला तेल पुरुषाने लावणं बरं नाही. आणि आजारी बायकांची सेवा कोणी करायची? म्हणजे १८०० वर्षांपूर्वी कोणीतरी अशाच एखाद्या खाटेचा विचार केला होता. पुढे ४५१ मधल्या खाल्सेदोनच्या परिषदेने स्त्री-डीकनचं वय किमान ४० असावं असा नियम केला. जे पद नाही त्याचं वय कोणी ठरवत नाही.

त्याही आधी प्रेषित पौल रोमकरांना पत्र लिहितो, १६ वा अध्याय. किंख्रियाच्या मंडळीची फिबी. मूळ ग्रीक शब्द 'दियाकोनोस', जो तो पुरुषांसाठी आणि स्वतःसाठीही वापरतो. आपल्या मराठी शास्त्रात (बायबलात) ती 'सेविका' झाली. भाषांतर चुकीचं नाही, पण आपल्या कानाला सेविका म्हटलं की अंगणवाडी आठवते आणि अधिकार गळून पडतो. त्याच अध्यायात युनिया आहे, जिला प्रेषितांमध्ये नामांकित म्हटलंय. नंतरच्या काळात काही विद्वानांनी तिचा पुरुष करून 'युनियास' असं नाव वाचलं, जे पुरुषाचं नाव म्हणून त्या काळात कुठेच सापडत नाही.

पाचूबंदर यांच्या बाजूनेही सांगायला हवं: याच पौलाच्या नावाने तीमथ्याच्या पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, बाईने शिकवू नये असं आहे. ते वचन खोडता येत नाही. पण करिंथकरांना लिहिताना (पहिलं पत्र, अध्याय ११) प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या बायकांनी डोकं झाकावं असं तो सांगतो. त्या सभेत बोलत होत्या म्हणूनच तर पदराची गोष्ट निघाली.

साधा_वाचक
९ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४०

मी हिंदू, त्यामुळे चूकभूल माफ करा. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीत स्त्री-पुरोहित तयार होतात, माझ्या बहिणीचं लग्न एका बाईंनीच लावलं. सुरुवातीला कुरकुर झाली, आता कोणी विचारत नाही. तुमच्याकडे एखाद्या गावाने आपल्यापुरतं ठरवलं तर चालत नाही का?

तळटीप
९ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:०२

कॅथलिकांत नाही चालत. दीक्षा बिशप देतो आणि कायदा जगभर एकच. बाईला दीक्षा द्यायचा प्रयत्न केला तर देणारा आणि घेणारी दोघेही बहिष्कृत होतात.

तरीही अडचणीच्या वेळी तसं झालंय. चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्ट राजवटीत चर्च भूमिगत होतं. बिशप फेलिक्स डाविदेक स्वतः तुरुंगात राहिलेले. तुरुंगातल्या बायकांपर्यंत कुठलाच धर्मगुरू पोचत नाही, म्हणून डिसेंबर १९७० मध्ये त्यांनी लुडमिला यावोरोवा यांना गुपचूप दीक्षा दिली. रोमने ती कधीच मानली नाही.

अँग्लिकनांत (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेत) पहिली बाई धर्मगुरूही युद्धामुळेच. मकाव, १९४४. जपान्यांनी वेढलेलं, धर्मगुरू येऊ शकत नाही, मंडळी प्रभुभोजनावाचून. तिथे फ्लॉरेन्स ली टिम-ओई डीकन म्हणून काम करत होत्या. हाँगकाँगचे बिशप रोनाल्ड हॉल यांनी २५ जानेवारी १९४४ ला त्यांना पूर्ण दीक्षा दिली. युद्ध संपल्यावर इतका गदारोळ झाला की १९४६ मध्ये त्यांनी धर्मगुरूचं काम सोडलं, दीक्षा मात्र सोडली नाही. संकट होतं तोवर चालल्या, शांतता आल्यावर नकोशा झाल्या.

केडगावची
१० फेब्रुवारी, सकाळी ९:३०

दौंड तालुक्यातलं आमचं केडगाव. पंडिता रमाबाईंशिवाय हा धागा कसा चाललाय?

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमध्ये वाँटेजला. मग चेल्टनमच्या महाविद्यालयात गेल्या. तिथे त्यांनी तरुण इंग्रज पुरुषांनाही शिकवावं असा विचार निघाला, तर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवलं तर भारतात तिची पत जाईल म्हणे! ज्या बाईने कोलकात्याच्या पंडितांसमोर 'सरस्वती' पदवी मिळवली, तिला. रमाबाईंनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनना पत्रांतून स्पष्ट कळवलं की एका पुरोहितवर्गाचं जोखड महत्प्रयासाने मानेवरून उतरवलंय, आता तसंच दुसरं घालून घ्यायची माझी तयारी नाही.

आणि इथे आल्यावर कुणाची वाट पाहिली नाही. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायका प्रार्थना चालवत, गावोगाव जाऊन सांगत. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी अख्खं शास्त्र मराठीत आणलं. खिळे जुळवणाऱ्या बायका, छापणाऱ्या बायका. त्या १९२२ मध्ये गेल्या, छपाई १९२४ ला पुरी झाली.

म्हणून माझं मत वेगळं आहे. झगा मिळवण्यासाठी एवढी शक्ती का घालवायची? झग्याबरोबर तेच जोखड येतं. बाई फादर झाली की तीही उंच खुर्चीत बसेल आणि दुसऱ्या बाईला खाली बसवेल. मला खुर्चीच नको आहे.

निळी_किनार
१० फेब्रुवारी, दुपारी २:१०

मी धर्मभगिनी आहे, एकतीस वर्षं झाली. केडगावचींशी बरीच सहमत. मला दीक्षेची हाक कधी आली नाही. पण निर्णय होतात त्या टेबलाशी मला जागा हवी. २०१८ च्या मार्चमध्ये व्हॅटिकनच्याच वृत्तपत्राच्या स्त्री-पुरवणीत एक लेख आला होता. सिस्टर लोक कार्डिनल-बिशपांच्या घरी पहाटेपासून राबतात, कपडे, स्वयंपाक, आणि करार नाही की धड पैसे नाहीत. तो वाचून आमच्या जेवणाच्या टेबलावर कितीतरी वेळ कोणी बोललं नाही. मग सगळ्यात वयस्क सिस्टर म्हणाल्या, "चला, भांडी आहेत." आणि उठल्या.

भारतातल्या बिशपांच्या परिषदेने २०१० मध्ये स्त्री-पुरुष समतेचं धोरण छापलं. चांगलं आहे ते, खरंच चांगलं. आपल्या धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीत) ते कोणी वाचून दाखवलंय का, हात वर करा.

एक मात्र केडगावचींना सांगते. बावखल यांच्या आजींना खुर्ची नको होती, चार शब्द हवे होते. त्या शब्दांचा अधिकार आज त्या खुर्चीशी बांधलेला आहे. आपण खुर्ची नाकारली तर शब्दही तिकडेच राहतात.

केडगावची
१० फेब्रुवारी, दुपारी ३:४४

सिस्टर, याला माझ्याकडे उत्तर नाही. विचार करते.

नगरकर
१० फेब्रुवारी, रात्री ८:५०

केडगावचींमुळे आठवलं. माझी पणजी बायबलबाई होती. अमेरिकन मराठी मिशनच्या काळात, नगरहून वाड्यावस्त्यांवर चालत जायची. पुरुष उपदेशकाला उंबऱ्याच्या आत घेत नसत. पणजी थेट चुलीपाशी. बाळंतिणीला आंघोळ घालता घालता वचन सांगायची. तळटीप यांनी सांगितलेलं सिरियाचं पुस्तक तिने कधी पाहिलं नसेल, पण काम तेच. वाचायला शिकवलेल्या बायका तिने मोजून ठेवल्या होत्या, आमच्याकडे तिची वही आहे. आमच्या घरात मात्र तिची ओळख काय, तर 'उपदेशकाची बायको'. उपदेशक पणजोबांचा फोटो दिवाणखान्यात आहे. तिचा फोटोच नाही.

एव्हन_काठ
११ फेब्रुवारी, पहाटे ४:३०

ब्रिस्टलहून लिहिते आहे, मूळची नाशिकची. नगरकरांच्या पणजीच्या फोटोचं वाचून राहवलं नाही.

इथल्या कॅथीड्रलमध्ये १२ मार्च १९९४ ला चर्च ऑफ इंग्लंडच्या पहिल्या ३२ बायकांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. त्याआधी नोव्हेंबर १९९२ ला मतदान झालेलं. चर्चच्या धर्मसभेच्या तिन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं हवी होती. सामान्य सभासदांच्या सभागृहात १६९ विरुद्ध ८२. दोन मतं इकडची तिकडे झाली असती तर ठराव पडला असता.

त्या दिवसाची आठवण म्हणून कॅथीड्रलमध्ये पाटी लावली. तिच्यावर नावं कोणाची? बिशप आणि इतर अधिकाऱ्यांची, सगळे पुरुष. ज्या ३२ जणींचा तो दिवस होता त्यांतली एकही नाही. २०२२ मध्ये नवी पाटी लागली, तिच्यावर ३२ नावं आहेत. मी जाऊन एकेक वाचली. ओळखीची एकही नाही, तरी वाचता वाचता डोळे भरले.

पुढचं झटपट सांगते. बायकांना बिशप करायचा ठराव २०१२ मध्ये त्याच सभागृहात सहा मतांनी पडला, २०१४ मध्ये मंजूर झाला, जानेवारी २०१५ मध्ये लिबी लेन पहिल्या बिशप झाल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मुलाली यांचं नाव जाहीर झालं. त्या आधी परिचारिका होत्या, इंग्लंडच्या मुख्य शुश्रूषा अधिकारी. खाटेशी बसायचं काम त्यांना कोणी शिकवायला नको. विरोध अजून आहेच. ज्या चर्चांना बाई बिशप मान्य नाही त्यांच्यासाठी वेगळे पुरुष बिशप नेमलेले आहेत.

माझ्या नवऱ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी इथल्या व्हिकर (धर्मगुरू) बाई रात्री बसल्या होत्या माझ्यासोबत. त्या बाई आहेत हे माझ्या लक्षातही आलं नाही, एवढंच सांगायचं होतं.

पाचूबंदर
११ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

सगळं वाचतो आहे. पाटीची गोष्ट लागली मनाला.

माझं मत बदललेलं नाही. पण एक गैरसमज दूर करतो. लोक डीकनपदाची मागणी करतात. बावखलताई, बाई डीकन झाली तरी तुमच्या प्रसंगात उपयोग नव्हता. डीकन बाप्तिस्मा देतो, लग्न लावतो, प्रवचन करतो, अंत्यविधी करतो. कुमसार ऐकून पापक्षमा देणं आणि रुग्णाला अभ्यंग करणं फक्त धर्मगुरूकडे आहे.

बावखल
११ फेब्रुवारी, रात्री ९:१५

बरोबर आहे दादा. मला ते माहीत आहे, आणि म्हणूनच माझ्या प्रश्नाला माझ्या हयातीत उत्तर मिळणार नाही हेही माहीत आहे. पोप फ्रान्सिस यांच्या सिनडने (चर्चच्या जागतिक सभेने) ऑक्टोबर २०२४ मध्ये एवढंच म्हटलं की स्त्री-डीकनचा प्रश्न खुला राहावा. त्या एका परिच्छेदाला ९७ जणांनी विरोध केला, बाजूने २५८. दार उघडलं नाही, फक्त कडी लावायची नाही असं म्हटलं, तरी ९७.

पण जे आजही करता येतं ते तरी आपण कुठे केलंय? २०२१ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी कायदा बदलला. वाचक आणि वेदीसेवक ही पदं आता बायकांना रीतसर, विधीपूर्वक, कायमची मिळू शकतात. त्याच वर्षी मे महिन्यात धर्मशिक्षकाचं पदही आलं. मी बावीस वर्षं वाचन करते, पण दर आठवड्याला यादीत नाव लागलं तर. कोणी नव्या माणसाने यादी केली की मी नाही. आमच्या गावात रीतसर वाचक झालेली एकही बाई नाही, आणि मी विचारलं तेव्हा असं काही असतं हेच कोणाला माहीत नव्हतं.

म्हणून धर्मग्राम परिषदेला पत्र लिहिते आहे. कच्चा मसुदा असा. भाषा सुधारा.

"आम्ही खाली सही करणाऱ्या धर्मग्रामातील स्त्रिया व पुरुष कळवतो की, २०२१ पासून वाचक, वेदीसेवक व धर्मशिक्षक ही पदं स्त्रियांसाठी खुली आहेत. आपल्या धर्मग्रामातून पात्र स्त्रियांची नावं माननीय बिशपांकडे पाठवावीत. आजारी स्त्रियांच्या भेटीसाठी फादरांसोबत नेहमी एक प्रशिक्षित स्त्री असावी, आणि रुग्णाने मागितल्यास तिला एकांतात बोलता यावं. स्त्रियांच्या डीकनपदाचा प्रश्न रोममध्ये खुला राहावा, अशी आमची प्रार्थना आहे व ती बिशपांनी वर कळवावी."

निळी_किनार
११ फेब्रुवारी, रात्री ९:४०

"पाठवावीत" च्या पुढे तारीख घाला. इस्टरपर्यंत. तारीख नसलेलं पत्र कपाटात जातं. आजारी स्त्रियांचं कलम सगळ्यात वर घ्या, त्याला कोणी नाही म्हणू शकणार नाही.

तळटीप
११ फेब्रुवारी, रात्री १०:०५

"खुली आहेत" ऐवजी "चर्चच्या २३० व्या नियमातील बदलानुसार खुली आहेत" असं लिहा. नियमाचा क्रमांक असला की उत्तर द्यावं लागतं. धर्मशिक्षकाचं पद मात्र त्या नियमात येत नाही, त्याचं फर्मान स्वतंत्र आहे, तर ते वेगळ्या वाक्यात.

पाचूबंदर
११ फेब्रुवारी, रात्री १०:३०

वाचक, वेदीसेवक, धर्मशिक्षक, यांना चर्चची मान्यता आहे. तिथे माझा विरोध असायचं कारणच नाही, उलट लाज वाटते की आपल्याकडे पाच वर्षं कोणी हललं नाही. रुग्णभेटीच्या कलमाला तर माझ्या घरातल्या चारही जणांच्या सह्या घ्या. शेवटचं डीकनचं वाक्य काढलंत तर उद्याच येऊन सही करतो.

बावखल
११ फेब्रुवारी, रात्री १०:४१

दादा, ते वाक्य राहील.

दोन कागद करते. पहिल्यावर तीन कलमं, तिथे तुम्ही सही करा. दुसऱ्यावर ते एक वाक्य, तिथे ज्यांना करायची ते करतील. दोन्ही एकाच पाकिटातून जातील. रविवारी सकाळच्या मिस्सानंतर शाळेच्या व्हरांड्यात टेबल लावते. आजींच्या सूनबाईंनी टेबल द्यायचं कबूल केलंय, आणि पहिली सही त्यांची आहे.

पाचूबंदर
११ फेब्रुवारी, रात्री १०:५८

येतो. पेन घेऊन येतो.